वाहनताफा आणि ई-चलनाची स्थिती : मालक व चालक यांच्या जबाबदारीचा विचार

प्रस्तावना :
मालवाहतूकदार, शालेय बसचालक संस्था, टॅक्सी कंपन्या यांच्याकडे एकाच नावावर अनेक वाहने असतात. कॅमेऱ्याने टिपलेला नियमभंग वाहनाच्या नोंदणी क्रमांकावर नोंदला जातो. नियम मात्र त्या वेळच्या चालकाने मोडलेला असतो. या दोहोंतील अंतराचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कायदेशीर आधार :
मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२२ नुसार सार्वजनिक ठिकाणी धोका, अडथळा वा गैरसोय होईल अशा रीतीने वाहन उभे करण्यास मनाई आहे. स्वतंत्र शिक्षा सांगितलेली नसल्यास कलम १७७ लागू होते. २०१९ च्या दुरुस्तीने त्यातील दंडाची मर्यादा पहिल्या अपराधासाठी ५०० रुपये व पुढील अपराधांसाठी १,५०० रुपये झाली. कलम १२७ नुसार वाहन उचलून नेल्यास त्याचा खर्च मालकावर पडतो. कलम १३३ अन्वये पोलिसांनी मागणी केल्यास चालकाचे नाव, पत्ता व परवान्याची माहिती देणे मालकास बंधनकारक आहे.

चलनाची स्थिती :
चलन प्रलंबित, दंड भरलेले किंवा न्यायालयाकडे पाठविलेले असू शकते. ‘प्रलंबित’ म्हणजे अपराध सिद्ध झाला असे नव्हे. दंड भरून तडजोड करणे किंवा न्यायालयात बाजू मांडणे हे दोन्ही मार्ग तेथे खुले असतात. वाहननोंदणीतील भ्रमणध्वनी क्रमांक जुना असल्यास संदेश मालकापर्यंत पोहोचत नाही आणि चलने साचत जातात. म्हणून ताफ्यातील प्रत्येक वाहनाची नियतकालिक तपासणी आवश्यक ठरते.

चालकाचा प्रश्न :
अनेकदा दंडाची रक्कम परस्पर चालकाच्या पगारातून कापली जाते. वेतन संहिता, २०१९ नुसार मालकाने लावलेला दंड किंवा नुकसानीपोटी केलेली कपात यांपूर्वी कर्मचाऱ्यास म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. शिवाय माल उतरविण्यास जागाच नसलेल्या बाजारपेठेत मालकाच्या आदेशाने गाडी उभी केली असल्यास दोष केवळ चालकाचा मानता येत नाही.

निष्कर्ष :
कोणत्या वेळी कोणते वाहन कोणाच्या हाती होते, याची दैनंदिन नोंदवही हाच जबाबदारी ठरविण्याचा पाया होय. तिच्याअभावी मालकास कलम १३३ चे पालन करता येत नाही आणि निर्दोष चालकास स्वतःचा बचावही करता येत नाही.