बेचाळीसचं खरं काय, हे कसं ओळखायचं?

ऑगस्ट उजाडला की वर्धा जिल्ह्यात बेचाळीसची आठवण निघते. देवळी असो, आर्वी असो की पुलगाव, भाषणांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात काही वाक्यं हमखास येतात. ‘भारत छोडो’चा ठराव वर्ध्यात मंजूर झाला. आष्टी-चिमूरला लोकांनी एकाच दिवशी सत्ता हाती घेतली. चिमूर स्वतंत्र झाल्याची बातमी सुभाषबाबूंनी रेडिओवरून जगाला दिली. ही वाक्यं अभिमानाने सांगितली जातात आणि त्या अभिमानाला आधार आहे. तरीही प्रत्येक वाक्याला ‘हे कोणी, कधी आणि कशाच्या आधारे सांगितलं?’ असं विचारलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. या क्रांतीची बहुतेक कागदपत्रं तिच्या शत्रूने लिहिली आणि तिच्या बाजूच्या वर्तमानपत्रांची तोंडं हुकमाने बंद केली गेली. अशा घटनेबाबत नुसत्या पुनरुक्तीवर विसंबलं, तर खरं आणि सजवलेलं एकाच ढिगात जातं आणि पहिला शंकेखोर येऊन सगळाच ढीग उधळून लावतो.

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. काँग्रेस कार्यसमितीने 14 जुलै 1942 रोजी वर्ध्यात ठराव केला, पण तो अखिल भारतीय काँग्रेस समितीपुढे जायचा होता. त्या समितीने 8 ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि 9 तारखेच्या पहाटे गांधीजींना तिथेच, बिर्ला हाउसमध्ये अटक झाली. त्यांना सेवाग्राममधून पकडून नेलं असं कुठे ऐकलं, तर गांधीजींच्या समग्र वाङ्मयातली त्या दिवसांची पत्रं आणि भाषणं उघडावीत. वर्धा की मुंबई ही केवळ तारखांची घासाघीस नाही. मधल्या साडेतीन आठवड्यांत सरकार स्वस्थ बसलं नव्हतं. 17 जुलैलाच माहिती खात्याचे सचिव फ्रेडरिक पकल यांनी प्रांतांना गुप्त परिपत्रक धाडलं आणि वर्ध्याच्या ठरावाविरुद्ध लोकमत तयार करायला सांगितलं. वर्ध्याचं खरं महत्त्व या परिपत्रकात दिसतं. मुंबईचं श्रेय वर्ध्याला देऊन ते वाढत नाही.

आष्टी आणि चिमूर ही नावं आपण एका दमात घेतो, म्हणून ती शेजारची गावं वाटतात. आष्टी वर्धा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आणि चिमूर चंद्रपूर जिल्ह्यात. मधे शंभर किलोमीटरहून जास्त अंतर आहे. दोन्हीकडे 16 ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, लोक उठले. ही तारीख पंचांगावरूनही पडताळता येते: त्या वर्षी 12 ऑगस्टला अमावास्या होती, तिच्यापुढे तिथी मोजत गेलं की पंचमी 16 च्या आसपासच येते. चिमूरला कोवळ्या वयाचे बालाजी रायपूरकर गोळीला बळी पडले, आणि जमावाच्या हातून सरकारी अधिकारीही मारले गेले. आष्टीला आंदोलकही पडले आणि पोलिसही. अधिकाऱ्यांचे मृत्यू भाषणांतून गाळले जातात, हे मला खटकतं. ती हकिगत लपवल्याने हुतात्म्यांचा मान वाढत नाही. पुढच्या फाशीच्या शिक्षा कशामुळे झाल्या, एवढंच मग ऐकणाऱ्याला कळत नाही.

त्यानंतर चिमूरला लष्कर आणि पोलीस शिरले. स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी आल्या. सरकारने त्या नाकारल्या आणि चौकशीही नाकारली. अशा वेळी कोणाचा शब्द धरायचा? ज्याला खोटं बोलण्यात फायदा नाही त्याचा. डॉ. बा. शि. मुंजे हिंदू महासभेचे पुढारी होते आणि त्यांचा पक्ष या आंदोलनात नव्हता. तरी चिमूरला जाऊन त्यांनी लोकांच्या तक्रारी मांडल्या, म्हणून त्यांच्या साक्षीला वजन आहे. सेवाग्रामच्या प्रा. भणसाळींनी चौकशीसाठी 63 दिवस उपवास केला, तेव्हा मध्यप्रांत सरकारने उपवासाच्या बातम्यांवरच बंदी घातली. तिच्या निषेधार्थ 6 जानेवारी 1943 रोजी देशभरच्या वर्तमानपत्रांनी एक दिवस अंक बंद ठेवले. 12 जानेवारीला उपवास सुटला. त्या काळच्या अंकांत चिमूरबद्दल काही सापडलं नाही म्हणून काही घडलंच नाही, असा निष्कर्ष काढणाऱ्याने आधी हा बंदीहुकूम वाचावा.

यावर आक्षेप येतो की इंग्रजांचे कागद खोटेच असणार, मग ते तपासायचे कशाला? कारण कागद कोणासाठी लिहिला, यावर त्याचा खरेपणा बराचसा ठरतो. फेब्रुवारी 1943 मध्ये सरकारने लोकांसाठी पुस्तिका काढून सगळा दोष काँग्रेसच्या माथी मारला. गांधीजींनी कैदेतूनच तिला सविस्तर उत्तर दिलं. पण व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी 31 ऑगस्ट 1942 रोजी चर्चिलना जी खासगी तार केली, तीत 1857 नंतरचं हे सर्वांत गंभीर बंड असल्याचं आणि त्याची व्याप्ती आजवर जगापासून लपवल्याचं कबूल केलं. ही कबुली प्रतिपक्षाची आहे. तीच गोष्ट तुकडोजी महाराजांची. त्यांच्या भजनांनी चिमूर पेटलं असं भाविक सांगतात, आणि सरकारने ऑगस्टअखेर त्यांना पकडून नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवलं, यावरून त्या भजनांची धास्ती सरकारलाही होती हे कळतं. खटल्यांचे निकाल मात्र जपून वाचावे लागतात. वटहुकमाने नेमलेल्या खास न्यायालयांना संघ न्यायालयाने 1943 मध्ये बेकायदा ठरवलं, सरकारने नवा वटहुकूम काढून शिक्षा टिकवल्या, आणि 1944 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने संघ न्यायालयाचा निर्णय फिरवला. त्या निकालांतलं ठिकाण, वेळ, नावं उपयोगी आहेत. पण कबुलीजबाब आला की तो कोणाच्या ताब्यात असताना दिला, हे पाहायचं.

आता रेडिओ. सुभाषबाबूंनी चिमूर स्वतंत्र झाल्याची बातमी सिंगापूरहून दिली असं काही जण सांगतात. ते शक्यच नाही, कारण ते सिंगापूरला पोचले जुलै 1943 मध्ये. ऑगस्ट 1942 मध्ये ते जर्मनीत होते आणि आझाद हिंद रेडिओ तिथून चालू होता. म्हणून ती बातमी बर्लिनहून दिली गेली असणं अशक्य नाही. पण शक्य असणं आणि घडलेलं असणं यांत फरक आहे. शत्रूची प्रक्षेपणं ऐकून लिहून घेण्यासाठी बीबीसीचा स्वतंत्र विभाग 1939 पासून होता. अशा नोंदीत चिमूरचं नाव दाखवता आलं तर दावा सिद्ध झाला. ते दाखवेपर्यंत ‘असं सांगितलं जातं’ एवढंच लिहावं.

शहिदांच्या रक्ताला पुरावा मागता का, असं विचारणारे आहेत. त्यांची कळकळ खरी आहे, आणि कागदावरच विसंबणं अन्यायाचं ठरू शकतं हेही खरं. 1972 च्या स्वातंत्र्यसैनिक पेन्शन योजनेत साधारणपणे सहा महिन्यांच्या कैदेची अट होती. फरारांना माळ्यावर लपवणारी, रात्री भाकरी पोचवणारी बाई त्या अटीत बसत नाही. तिची नोंद फक्त आठवणीत असते, आणि म्हणूनच आठवणही साक्षीसारखी नीट नोंदवायला हवी: सांगणाऱ्याचं नाव आणि वय, त्याने स्वतः पाहिलं की आईकडून ऐकलं, कोणत्या तारखेला सांगितलं. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं पोर आज नव्वदी ओलांडून गेलं आहे. देवळीतल्या एखाद्या घरात कैदेचा दाखला किंवा जप्तीची नोटीस पेटीच्या तळाशी असेल, तर तिचा दोन्ही बाजूंनी फोटो काढावा, कारण शिक्का आणि तारीख पुष्कळदा पाठीमागे असते.