गोल वार्डीचा, धाव ओकाझाकीची

पहिली शिफ्ट सुटली की वाळूजच्या बजाजनगरातल्या मोकळ्या प्लॉटवर पोरं जमतात. बहुतेक वेळा क्रिकेटच असतं. एखाद्या दिवशी फुटबॉल निघतो आणि टीम पाडताना भांडण ठरलेलं: ‘मी पुढं खेळणार!’ पुढं म्हणजे गोल, आणि गोल म्हणजे नाव. या पोरांना मला शिंजी ओकाझाकी दाखवायचा आहे. २०१५-१६ मध्ये इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकलेल्या लेस्टर सिटीचा हा स्ट्रायकर. त्या अख्ख्या लीगमध्ये त्याचे गोल फक्त ५.

माणूस आपल्याला अगदीच परका नाही. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याच सुमारास बजाजच्या मोटारसायकलवर कावासाकीचं नाव आलं. कावासाकीचा मोटारसायकलचा कारखाना जपानच्या ह्योगो प्रांतात, आकाशी शहरात. त्याच ह्योगोतल्या ताकाराझुका गावी १९८६ मध्ये ओकाझाकी जन्मला.

२००५ मध्ये शिमिझू एस-पल्स क्लबात दाखल झाला तेव्हा उंची बेताची, पायांत वेग नाही. पुढं स्वतःच्या पुस्तकाला त्यानं नाव दिलं तेही ‘मंद पायांचा विजय असो’ अशा अर्थाचं. पाऊल कसं टाकायचं इथपासून तो एका माजी ऑलिम्पिक धावपटूकडे नव्यानं धावायला शिकला. ‘जन्मभर डायव्हिंग हेडर’ हे त्याचं ब्रीद. म्हणजे जिथं दुसरा पाय घालतानाही विचार करेल, तिथं यानं डोकं घालायचं. गोल जमत नव्हते म्हणावं तर तसंही नाही. जर्मनीत मेंझकडून दोन हंगामांत १५ आणि १२, जपानकडून ११९ सामन्यांत ५०.

मग लेस्टरमध्ये काय झालं? तिथं जेमी वार्डीनं २४ गोल केले, रियाद महरेझनं १७. ओकाझाकीचं काम त्याआधीचं. चेंडू समोरच्या बचावपटूकडे आहे. तो मान वर करून मधल्या फळीतला आपला माणूस शोधतो, कारण डाव तिथूनच रचायचा असतो. ओकाझाकी नेमका त्या दोघांच्या मधे. पास बंद. बचावपटू बाजूला वळतो, तर हा अर्धवर्तुळात पळत त्याच्या अंगावर येतो. आता घाईत लांब फटका मारण्यावाचून गत्यंतर नाही. तो चेंडू लेस्टरच्या मधल्या फळीतला कांटे हेरतो, त्याचा जोडीदार ड्रिंकवॉटर पुढं फेकतो आणि मोकळ्या जागेत वार्डी सुटलेला असतो. या सगळ्यात ओकाझाकीचा चेंडूला पायही लागलेला नसतो. कबड्डी खेळलेल्याला हे वेगळं सांगायला नको: घोटा धरणारा एक, पण चढाईपटूची परतीची वाट आधी बंद करणारा दुसरा.

असं पळून साठ-सत्तर मिनिटांत दम संपायचा आणि प्रशिक्षक रानिएरी त्याला बाहेर बोलवायचे. १४ मार्च २०१६ ला न्यूकॅसलविरुद्ध मात्र गोलकडे पाठ असताना त्यानं हवेत उलटं होऊन किक मारली. सामना १-० असा संपला. हंगामाआधी ज्या संघावर सट्टेवाले एकास पाच हजार देत होते, तो ८१ गुणांनी विजेता ठरला, आर्सेनलच्या १० गुण पुढे.

त्याला त्यागमूर्ती म्हणणं मला पटत नाही. गोलची भूक त्याला कायम होती. पुढं स्पेनमध्ये वेस्का क्लबाला २०१९-२० मध्ये दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद मिळालं, त्यात याचे १२ गोल होते. पण प्रतिस्पर्ध्याच्या मागं पळणं हीही एक कला आहे, आणि ती त्याला इतरांपेक्षा चांगली येत होती.

आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीत होता. समोर अमेरिका, कोलंबिया, घाना. तीन सामन्यांत भारताचा गोल एकच, तोही कॉर्नरवर जिक्सन सिंगनं डोक्यानं केलेला. अशा स्पर्धेत आघाडीवीराचा हिशेब गोलांवर कसा मांडायचा?

ओकाझाकी २०२४ च्या मे महिन्यात बेल्जियममध्ये निवृत्त झाला. गुडघा साथ देत नव्हता. नंतर तो मेंझला परतला आणि स्वतःच्याच हातभारानं उभ्या राहिलेल्या बासारा मेंझ या छोट्या क्लबाचा प्रशिक्षक झाला.