न झालेली फायनल

टेनिसमधल्या १९७४च्या डेव्हिस करंडकाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "आपण फायनल हरलो होतो ना?" हरलो नव्हतो. ती लढत झालीच नाही. समोर वर्णभेदी राजवटीची दक्षिण आफ्रिका होती. भारतानं खेळायला नकार दिला आणि करंडक त्यांना बसल्या जागी मिळाला. या स्पर्धेची अंतिम लढत वॉकओव्हरनं निकाली निघाल्याचं हे एकमेव उदाहरण.

"नाहीतरी हरलोच असतो," हेही छातीठोकपणे सांगू नये. त्याच वर्षी कलकत्त्याच्या हिरवळीवर ऑस्ट्रेलियाला ३-२नं नमवताना एकूण ३२७ गेम झाले. अमृतराज बंधूंच्या दुहेरीचाच गुणफलक बघा: १७-१५, ६-८, ६-३, १६-१८, ६-४. एका सामन्यात ९९ गेम! मग पुण्यात सोव्हिएत संघाला हरवून आपण अंतिम फेरीत पोचलो. (पुणेकर एवढं काय काय मिरवतात, हे कसं विसरले कोण जाणे.)

खेळाडूंनी बहिष्कार टाकला, असाही एक समज आहे. निर्णय सरकारचा होता. किंमत मोजली विशीतल्या विजय अमृतराजनं आणि त्याच्या सोबत्यांनी. पण सरकारला हे ऐनवेळी सुचलेलं नव्हतं. तिथल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीमुळे १९४६ मध्येच भारतानं दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता. त्या काळी आपला पासपोर्ट उघडला, की तो दक्षिण आफ्रिकेत चालणार नाही, असं त्यातच लिहिलेलं असे.

खेळात राजकारण भारतानं आणलं, हा आक्षेप तर मला पार उफराटा वाटतो. कातडीचा रंग बघून संघ निवडायची पद्धत त्यांची. अमेरिकेच्या टेनिसपटू आर्थर ॲशला, तो कृष्णवर्णीय म्हणून, त्यांनी व्हिसा नाकारला होता. १९७० मध्ये त्यांना याच स्पर्धेतून बाहेर काढलं गेलं, पुढे परत घेतलं.

भारत सरसकट असाच वागत आला, असंही नाही. इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जुळले १९९२ मध्ये. पण १९८७ मध्ये दिल्लीत आपण त्यांच्याशी खेळलो आणि जिंकलोही. त्याच वर्षी अंतिम फेरीत स्वीडननं आपल्याला ५-० असं धुतलं. लोक १९७४च्या खात्यावर मांडतात तो बहुधा हाच पराभव.