चित्रपट-पारितोषिके : निवडीची पहिली रीत

कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर ही नावे ठाणे जिल्ह्यातील रसिकांच्या नित्य परिचयाची आहेत. देशातील चित्रपट-पारितोषिकांच्या पहिल्या दोन वर्षांचे स्मरण या नावांतून सहज जागे होते.

१९५३ सालच्या चित्रपटांसाठी भारत सरकारने राजकीय पारितोषिके सुरू केली आणि १९५४ मध्ये ती प्रदान करण्यात आली. आज अनेक चित्रपट-पारितोषिकांची नामांकने आधी जाहीर होतात. त्या काळी नामांकनाची जागा शिफारशीने घेतली होती. निर्मात्यांनी पाठविलेले चित्रपट मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील प्रादेशिक समित्या प्रथम पाहत. त्यांनी शिफारस केलेले चित्रपट मध्यवर्ती समितीपुढे जात आणि अंतिम निवड तेथे होई.

कथाचित्रांसाठी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक एकच होते. सर्व भाषांतील चित्रपट त्यासाठी एकाच पंक्तीत उभे होते. हे पहिले पदक आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई' या मराठी चित्रपटास मिळाले. साने गुरुजींच्या कथेतील कोकणातील एका गरीब घरातील मातेचे संस्कार भाषेची सीमा ओलांडून परीक्षकांपर्यंत पोहोचले. बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन' या चित्रपटास गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र देण्यात आले.

त्याच वर्षी, २१ मार्च १९५४ रोजी, मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहात 'फिल्मफेअर' नियतकालिकाचा पहिला पारितोषिक समारंभ झाला. पारितोषिके अवघी पाच होती आणि त्यांसाठी वाचकांचा कौल घेण्यात आला होता. तेथे 'दो बिघा जमीन' हा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. एकीकडे जाणकारांची समिती, दुसरीकडे प्रेक्षकांचे मत, अशा दोन्ही कसोट्यांना हा चित्रपट उतरला. परंतु 'फिल्मफेअर'ची ही पारितोषिके हिंदी चित्रपटांपुरती होती. मराठी चित्रपटाला राष्ट्रीय मान मिळण्याचा मार्ग राजकीय पारितोषिकांतूनच जात होता.

मात्र सुवर्णपदक एकच असल्याने इतर भाषांतील उत्तम चित्रपट मागे राहण्याचा संभव होता. म्हणून दुसऱ्या वर्षापासून प्रादेशिक भाषांसाठी राष्ट्रपतींची रौप्यपदके ठेवण्यात आली. त्या वर्षीचे सुवर्णपदक 'मिर्झा गालिब' या हिंदी चित्रपटास मिळाले, तर मराठीचे रौप्यपदक अत्र्यांच्याच 'महात्मा फुले' या चित्रपटाने पटकाविले. शिक्षणप्रसाराचे कार्य करणाऱ्या समाजसुधारकाचे चरित्र असे राष्ट्रीय गौरवास पात्र ठरले. पुढे महाराष्ट्र शासनानेही मराठी चित्रपटांसाठी स्वतंत्र पारितोषिके सुरू केली.

पहिल्या सुवर्णपदकाने मराठी चित्रपटाची योग्यता सिद्ध केली. रौप्यपदकांनी प्रत्येक भाषेला दरवर्षी हक्काची संधी दिली. शाळा, ग्रंथालय किंवा पंचायत यांच्या स्पर्धा भरविताना ही दुसरी गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. सर्वांना एकच कसोटी लावणे न्याय्य असले, तरी लहानांनाही आपले गुण दाखविण्यास जागा ठेवली, तरच तो न्याय पूर्ण होतो.