विरजणातील जीवाणू : लसीचे नवे वाहक

दुधाला विरजण लावून दही करण्याची रीत आपल्याकडे घरोघरी आहे. दूध आंबविण्याचे हे कार्य दुग्धाम्ल निर्माण करणारे जीवाणू करतात. जोसेफ लिस्टर या इंग्रज शल्यविशारदाने १८७८ साली अशा एका जीवाणूच्या शुद्ध संवर्धनाचे वर्णन प्रसिद्ध केले. लॅक्टोकॉकस लॅक्टिस या नावाने तो आज ओळखला जातो. सहस्रावधी वर्षे अन्नातून पोटात जाऊनही तो सहसा अपाय करीत नाही, आणि म्हणूनच लस वाहून नेण्यासाठी शास्त्रज्ञांचे लक्ष त्याच्याकडे वेधले गेले.

अनेक रोगजंतू तोंड वा नाक यांवाटे शरीरात शिरतात. टोचलेल्या लसीने रक्तात प्रतिपिंडे तयार होतात, परंतु आतड्याच्या वा श्वसनमार्गाच्या अंतःत्वचेवर तितके संरक्षण लाभतेच असे नाही. लस पोटातून द्यावी तर नुसते प्रथिन जठरातच पचून जाते. तेच प्रथिन जीवाणूच्या पृष्ठभागावर घट्ट बसविले, तर त्याचा निभाव अधिक लागतो. शिवाय विरघळलेल्या प्रथिनापेक्षा असे कण अंतःत्वचेतील संरक्षक पेशी अधिक सहजपणे उचलतात. सुई नको व टोचणारा प्रशिक्षित हातही नको, हा लाभ दुर्गम भागातील आरोग्य केंद्रांना विशेष जाणवेल.

प्रथिन पृष्ठभागावर बसते कसे? रोगजंतूच्या प्रथिनाचे जनुक जीवाणूत घालताना त्याला दोन जोड द्यावे लागतात. प्रथिनाच्या आरंभीचा जोड त्याला पेशीबाहेर जाण्याची वाट दाखवितो. शेवटच्या जोडात ल्यूसीन, प्रोलीन, कोणतेही एक अमिनो आम्ल, थ्रिओनीन व ग्लायसीन अशी पाचांची खूण असते. सॉर्टेझ नावाचे विकर ही खूण ओळखते, थ्रिओनीन व ग्लायसीन यांच्यामध्ये छेद घेते आणि थ्रिओनीनचे टोक पेशीभित्तिकेला कायमचे सांधते. या जीवाणूंची भित्तिका जाड असल्याने खुंटी पक्की बसते.

मात्र परक्या जनुकाचा जिवंत जीवाणू शरीराबाहेर पडून माती-पाण्यात पसरेल काय, ही शंका रास्त आहे. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथील संशोधकांनी काढलेली तोड मोठी चतुर म्हणावी लागेल. साधा, जनुकबदल न केलेला जीवाणू आम्लात तापविला की तो मरतो. आतील बहुतेक प्रथिने व जनुकद्रव्य निघून जातात, रिकामे कवच तेवढे उरते. भित्तिकेला चिकटणारा तुकडा जोडलेले प्रथिन अन्यत्र तयार करून या कवचांत मिसळले, की ते आपोआप त्यांवर बसते.

प्रयोगशाळेतील उंदरांवर पुष्कळ काम झाले आहे. माणसांवरील चाचण्या थोड्याच आहेत. जपानमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगपूर्व विकृती असलेल्या स्त्रियांना, विषाणूचे प्रथिन पृष्ठभागावर वाहणारे व उष्णतेने निष्प्रभ केलेले लॅक्टोबॅसिलस जातीचे जीवाणू तोंडावाटे देण्यात आले. २०१४ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आशादायक होते, परंतु स्त्रियांची संख्या अल्प होती. एवढ्यावरून औषध सिद्ध झाले असे मानणे घाईचे ठरेल.

घरचे दही खाल्ल्याने लसीचे काम होते, असा समज कोणी करून घेऊ नये. त्यातील जीवाणूंवर रोगजंतूचे प्रथिन नसते. भारतात जनुकबदल केलेले सूक्ष्मजीव हाताळण्यास पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ अन्वये १९८९ साली केलेले नियम लागू आहेत, आणि असे सूक्ष्मजीव पर्यावरणात सोडण्यापूर्वी केंद्रीय समितीची मान्यता घ्यावी लागते.