मेहनत, खुराक आणि रोजा

परवा सहेरी उरकून फजरच्या अजानची वाट बघत बसलो होतो, तेवढ्यात भाच्याचा फोन आला. एवढ्या पहाटे फोन म्हटल्यावर काळजात चर्र झालं. पण पोरगं खुशीत होतं. "मामू, जोड ठरली. विसाव्या रोज्याला." जत्रेतल्या मैदानाची तारीख रोज्यांच्या हिशेबात सांगणारा पैलवान मला आवडला. पुढच्या वाक्याला मात्र तो अडखळला. "रोजे धरू का सोडू?"

त्याची अम्मी, म्हणजे माझी आपा, घरात सांगून बसली होती की रोजा धरून आखाड्यात उतरलास तर दूध बंद. वस्ताद म्हणाले होते, हा तुझ्या घरचा मामला. आणि मशिदीच्या पायरीवर त्याच्याच वयाच्या कुणीतरी टोमणा मारला होता, "एवढा पैलवान, आणि रोजा झेपत नाही?" आपाचा राग आणि वस्तादांचा सबुरीचा शब्द त्याने ऐकून घेतला होता, पण हा टोमणा त्याच्या डोक्यात राहिला होता.

मी स्वतः विशीपर्यंत तालमीत होतो. जिना उतरताना आणि सजद्यातून उठताना गुडघे त्याची साक्ष अजून देतात. त्यामुळे फोनवर लगेच हो किंवा नाही म्हणवलं नाही. संध्याकाळी ये, इफ्तारला बोलू, असं सांगितलं.

तालमीत व्यायाम हा शब्द फारसा कुणी वापरत नाही. तिथं 'मेहनत' म्हणतात, आणि तोच शब्द बरोबर आहे. पहाटे चारला उठायचं, जोर मारायचे, बैठका, सपाट्या, मग हौद्यात माती उकरून लढत. सकाळी खुराक, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा तेच. बैठकांचा आकडा शेकड्यांत सुरू होतो आणि हजारावर जातो. बाहेरच्याला पैलवानाची छाती आणि मांड्या दिसतात. कुस्ती शरीराकडून काय वसूल करते, ते बघायचं तर त्याचे कान बघा. मातीवर, समोरच्याच्या डोक्यावर घासून घासून कातडी आणि आतली कूर्चा यांच्यामध्ये रक्त साकळतं, कूर्चेचं पोषण तुटतं आणि कान कायमचा गाठाळ होतो. पैलवान त्याला दागिना मानतो. मानेचं तसंच. पाठ टेकू नये म्हणून सगळं अंग मानेवर तोलायची सवय करावी लागते, आणि मणके ते वर्षानुवर्षं सोसतात. बोटांचे सांधे, खांदा, गुडघ्यातली गादी हे सगळं या धंद्याचं भांडवल, आणि ते दर मोसमाला थोडं थोडं खर्च होत जातं.

मातीतली आणि मॅटवरची कुस्तीही अंगाकडून एकच गोष्ट मागत नाहीत. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. सहा मिनिटांत सगळं अंग पेटून उठतं, मांड्या भरून येतात, श्वास पुरत नाही. मातीत मात्र पकड धरून ताटकळावं लागतं, कुस्ती अर्धा अर्धा तास चालते, आणि तिथं दम ज्याचा त्याचं मैदान. माझ्या भाच्याची कुस्ती मातीतली.

आता यात रोजा कुठे बसतो? सध्याच्या दिवसांत आपल्याकडे रोजा साधारण तेरा तासांचा. तेवढा वेळ उपाशी राहणं निरोगी तरुणाला जड नाही. यकृतात शंभर ग्रॅमच्या आसपास साखरेचा साठा असतो, तो दिवसभरात उतरत जातो. स्नायूंमधला साठा त्याच्या चौपट, आणि काम केल्याशिवाय तो फारसा हलत नाही. म्हणजे दुकानात बसणाऱ्या माझ्यासारख्याचं भागतं. पण ज्याने सकाळी हजार बैठका मारल्या, त्याने तो साठा सकाळीच खर्च केला आणि मगरिबपर्यंत भरून काढायची सोय नाही. खरी अडचण त्याहून पाण्याची. उन्हाळ्याच्या तोंडाला जोरात मेहनत करणाऱ्याचा तासाला लिटरभर घाम सहज जातो. वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं की दम कमी पडायला लागतो. सत्तर किलोच्या पोराचे हे दीड लिटरही नाहीत. मग झोप. इशानंतरची तरावीह उरकून आडवं व्हायला अकरा, सहेरीला चार. माझ्या मते रमजानमध्ये पैलवानाला भुकेपेक्षा ही अर्धवट झोप जास्त मारते, कारण अंगाची झीज भरून येते ती झोपेतच.

हे सगळं मला 1987 साली कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

त्या वर्षी रमजान एप्रिलच्या शेवटाला लागला आणि अख्खा मे रोज्यात गेला. मी सतरा वर्षांचा होतो. एका स्पर्धेच्या निवडीसाठी मला अडीच किलो वजन उतरवायचं होतं. मी रोजे धरले. घरात सगळे खूश, अब्बांनी तर मोहल्ल्यात सांगितलं. पण मी दुपारच्या उन्हात अंगावर दोन स्वेटर आणि वर घोंगडं घेऊन पळत होतो, थुंकी गिळायची नाही म्हणून थुंकत होतो, आणि इफ्तारला दोन खजूर आणि अर्धा पेला पाणी घेऊन उठत होतो. लोकांना वाटायचं पोरगं किती पक्कं रोजेदार आहे. मला ठाऊक होतं की मी वजन उतरवतोय.

पाचव्या की सहाव्या दिवशी लढतीत पोटऱ्यांत गोळे आले, मग पोटात, आणि मी हौद्यातच पडलो. लघवी चहाच्या रंगाची झाली होती. वस्तादांनी मला सायकलच्या दांड्यावर बसवून दवाखान्यात नेलं. वस्ताद मराठा, माळकरी माणूस. डॉक्टर पाणी प्यायला सांगत होते आणि मी तोंड मिटून बसलो होतो, रोजा मोडेल म्हणून. वस्तादांनी पाण्याचा तांब्या माझ्या ओठाला लावला आणि म्हणाले, "आरं, तुझ्या दीनात बी असं मरायला सांगितलेलं न्हाई. पी." मी प्यायलो. दोन दिवस सलाईन लागलं. मूत्रपिंडं वाचली, एवढं डॉक्टर अब्बांना म्हणाल्याचं आठवतं.

अब्बा रागावले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "नियत काय होती?" मला उत्तर देता आलं नाही. आजही कुणी कौतुकाने म्हणतं की तुम्ही तालमीत असताना रोजे धरायचात ना, तेव्हा मी विषय बदलतो.

वजन उतरवण्याचा हा प्रकार आपल्या गावठी अज्ञानाचा, असं मी बरीच वर्षं समजत होतो. तसं नाही. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत महाविद्यालयात कुस्ती खेळणारे तीन तरुण वजन उतरवण्याच्या नादात महिनाभराच्या अंतराने मेले. रबरी पोशाख घालून, गरम खोलीत घाम काढत, पाणी तोडून. त्यानंतर तिथले नियम बदलले, ते पोशाख आणि वाफेच्या खोल्या बंद झाल्या, वजन लढतीच्या अगदी जवळ घ्यायला लागले. आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीच्या दिवशी विनेश फोगटचं वजन 50 किलोच्या गटात 100 ग्रॅम जास्त भरलं, ते साऱ्या देशाने बघितलं. आदल्या रात्रभर ती घाम काढत होती, केससुद्धा कापले होते. आपण सगळे त्या शंभर ग्रॅमवर हळहळलो. एका रात्रीत अंगातलं पाणी पिळून काढलेली ती बाई दुसऱ्या दिवशी लढणार होती, याकडे फार थोड्यांनी पाहिलं.

म्हणून भाच्याला पहिला प्रश्न मी तोच विचारला, जो अब्बांनी मला विचारला होता. वजनाची काही भानगड आहे का? नव्हती. मैदानाची कुस्ती, जोड अंगावर बघून लावलेली. मग पुढचं बोलणं सोपं झालं.

त्याच्या मोबाइलमध्ये मोठमोठ्या खेळाडूंची उदाहरणं तयार होती. हकीम ओलाजुवान रोजा ठेवून बास्केटबॉल खेळला आणि 1995 च्या फेब्रुवारीत त्या महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. खरं आहे. 2019 मध्ये आयाक्सचे झियेश आणि मजरावी रोज्यानिशी चॅम्पियन्स लीगची उपांत्य लढत खेळले, सूर्य मावळल्यावर मैदानावरच रोजा सोडला. तेही खरं. पण मी त्याला दुसरं नाव दिलं. मो फराह. 2012 चं लंडन ऑलिंपिक ऐन रमजानमध्ये आलं. फराहने रोजे पुढे ढकलले, 10,000 आणि 5,000 मीटर दोन्ही सुवर्णपदकं घेतली. बास्केटबॉलवाल्याला खेळातून काढून बाकावर बसवता येतं, पळणाऱ्याला अंतर पुरं करावंच लागतं. एका खेळाचा दाखला दुसऱ्याला लावू नये.

गेल्या वर्षी मोहम्मद शमीचं काय झालं ते आठवतच असेल. मार्च 2025 मध्ये दुबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध चॅम्पियन्स करंडकाच्या उपांत्य सामन्यात तो सीमारेषेजवळ पेय पिताना कॅमेऱ्यात दिसला आणि इकडे एका मौलानांनी त्याला गुन्हेगार ठरवलं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय आपटतो तेव्हा त्यावर शरीराच्या वजनाच्या पाचपट किंवा अधिक भार येतो, आणि तोच पिळ कमरेच्या मणक्यात जातो. शमी तर घोट्याची शस्त्रक्रिया करून वर्षभराने परतलेला. आणि तो घरापासून दूर, सफरमध्ये होता. आजारी आणि मुसाफिर यांनी रोजे नंतर दुसऱ्या दिवसांत पुरे करावेत, ही सवलत कुराण-शरीफच्या सूरह बकरामध्ये स्पष्ट दिलेली आहे. त्यावर कुणाच्या परवानगीची गरज नाही.

मात्र आपल्याच गावात, आपल्याच घरी राहून खेळणाऱ्याला नुसत्या सामन्यासाठी रोजा पुढे ढकलता येतो का, यावर उलेमांमध्ये मतं वेगवेगळी आहेत. जर्मनीतल्या मुस्लिमांच्या मध्यवर्ती परिषदेने 2010 साली, ज्यांचं पोट फुटबॉलवर आहे त्यांना मुभा दिली. आपल्याकडचे बरेच उलेमा एवढं सैल बोलत नाहीत; पण जिवावर बेतायला लागलं तर रोजा सोडावा, यावर कुणाचं दुमत नाही. मी काही मुफ्ती नाही. भाच्याला मी आमच्या मशिदीतल्या इमामसाहेबांकडे पाठवलं. त्यांनी मैदानाचं गाव किती लांब हे आधी विचारलं, मग कुस्ती किती वेळाची, ते विचारलं. प्रश्न विचारून बोलणारा माणूस भेटला की निम्मं ओझं उतरतं.

मेहनतीचं वेळापत्रक आम्ही मांडून बघितलं. खरं तर पैलवानाचा दिवस रमजानला अगदी परका नाही. पहाटे चारला दोघेही उठतात. फक्त ती मेहनत तिथून हलवायची. सकाळी काही नाही, झोप. मगरिबच्या आधी तासभर हौद्यात जायचं, पण हलकं. डाव घोटायचे, ढाक, पट, एकलंगी, घाम फुटेल इतकं नाही. कारण संपल्यावर लगेच पाणी मिळणार असतं. जोर-बैठका आणि खरी लढत तरावीहनंतर, आणि त्यातही निम्म्याच. या महिन्यात ताकद वाढवायची हाव धरायची नाही, आहे ती टिकवायची. खुराकाचं म्हणाल तर इफ्तारला भजी-समोसे बघायचेच नाहीत, यावर पोराचं तोंड उतरलं. खजूर, पाणी, चिमूटभर मीठ घातलेलं सरबत, मग नमाज, मग जेवण. पाणी एका दमात न पिता रात्रभर थोडं थोडं. बदामाची थंडाई रात्रीच्या मेहनतीनंतर, आणि सहेरीला अंडी, दूध, भाकरी. त्याच्या तालमीतली पोरं, बहुतेक सगळी हिंदू, त्याच्यासाठी रात्री थांबायला तयार झाली. थंडाई वाटायची पाळीसुद्धा त्यांनी आपसांत लावून घेतली. कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमींत हे नवीन नाही. हनुमानाची तसबीर आणि मोहरमचा पंजा एकाच छपराखाली असलेल्या तालमी आहेत, आणि 1980 चे महाराष्ट्र केसरी इस्माईल शेख असोत की 2018 मध्ये जालन्यात गदा उचलणारा बाला रफिक शेख, मैदानात त्यांच्यासाठी हलगी वाजवणाऱ्याने जात विचारली नव्हती.

एक अडचण मात्र कुणाच्याच हातात नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. दहा-बारा वर्षांपूर्वी तो पावसाळ्यात असायचा. मैदानं बंद, फक्त सराव. आता तो जत्रांच्या हंगामात आलाय. माझ्या त्या 1987 च्या रमजानचा ऋतू बरोबर 33 वर्षांनी 2020 मध्ये परत आला, तेव्हा टाळेबंदीने तालमींनाच कुलूप होतं.

शेवटी ठरलं ते असं. रोजे धरायचे. मैदानाचं गाव सफर धरावी एवढं लांब आहे, आणि फजरच्या आधीच निघायचंय. त्यामुळे इमामसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे त्या दिवशीचा रोजा नाही. मैदानाच्या आदल्या दोन दिवशी फक्त मालिश आणि झोप. मध्येच डोळ्यांपुढे अंधारी आली, गोळे आले किंवा लघवी गडद झाली तर त्याच क्षणी पाणी, आणि मला फोन. हे शेवटचं मी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

"आणि मशिदीत कुणी विचारलं तर?" त्याने जाता जाता विचारलं.

"मामूला विचारा म्हणावं."

काल आपाकडे गेलो होतो. स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे, दुधाचा हिशेब लिहिलेलं. विसाव्या रोज्याच्या तारखेभोवती तिने लाल पेनाने गोल केलाय, आणि ईदच्या पुढच्या आठवड्यातल्या एका सोमवारी त्याच पेनाने लिहिलंय, 'कजा'. खाली बारीक अक्षरात, 'मीपण धरणार.'