पोतंभर कातरण

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या मागच्या बोळातलं, पत्रिकांचे आकार कापणारं ट्रेडल मशीन यंदा दिवाळीच्या तोंडावर भंगारात गेलं. बिडाचं धूड, किलोच्या भावानं विकलं. भिंतीला टेकवून ठेवलेल्या प्लायवूडच्या डायही त्याबरोबर गेल्या. त्यांतल्या पोलादी पट्ट्या उपसून वजनात घातल्या आणि फळ्या बंबात जळाल्या. कलश, आंब्याचं पान, केळीचे खांब, नथ, मोर. पंचवीस-तीस वर्षांच्या लग्नपत्रिकांचे आकार एका दुपारीत संपले. मालकाला दोष देत नाही. पत्रिका आता मोबाइलवर येते, तर पंच कशाला मारायचा? पण त्या मशीननं माझ्या पिढीच्या पोरींना काय दिलं होतं, ते कुठेतरी लिहून ठेवायला हवं.

कापलेला कागद चिकटवायची हौस तशी जुनी. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतले छापखाने डायनं कापलेली उठावाची रंगीत चित्रं काढत आणि युरोपभर ती वह्यांत चिकटवली जात. आपल्याकडे १८९४ साली राजा रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाला, तेव्हा त्यातल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या अंगावर घरच्या बायकांनी जर आणि टिकल्या चढवल्या. १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था निघाली आणि भेटकार्डांना जाड, खरबरीत, देखणा कागद मिळाला. त्यापुढच्या चाळीसेक वर्षांत मला फार रस नाही. घोटीव कागदाच्या पताका, क्रेपची फुलं आणि शाळेतलं तेच ते कार्यानुभव.

माझा काळ १९८८ ते १९९८. ऑफसेट छपाई जोरात होती आणि पत्रिका रंगीत, घडीच्या, खिडक्यांच्या झाल्या होत्या. छापखान्यातून बाद झालेली जुनी ट्रेडल मशीनं पंचिंगला, म्हणजे डायनं कागद कापायला, जुंपलेली. प्लायवूडमध्ये बारीक करवतीनं आकार कोरायचा, त्या फटीत धारदार पोलादी पट्टी वाकवून ठोकायची, धारेच्या दोन्ही बाजूंना रबराचे तुकडे चिकटवायचे, म्हणजे कापलेला कागद डायमध्ये अडकून न राहता बाहेर ढकलला जातो. घडी पाडायची असेल तिथे बोथट पट्टी. मशीनचा जबडा उघडला की डाव्या हातानं कापलेला कागद काढायचा, उजव्यानं नवा सारायचा आणि तो मिटायच्या आत दोन्ही हात बाहेर. या कामात बोट गमावलेले लोक आमच्या भागात होते. त्यांना कुणी कारागीर म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही.

पत्रिकेच्या खिडकीतून जे गळायचं, ते आमचं. पत्रिकेला हवा असायचा कलशाच्या आकाराचा झरोका, आणि मशीनखाली पडलेला अख्खा कलश कुणालाच नको असायचा. सोनेरी, मोतिया, गर्द लाल. शंभरातला प्रत्येक दुसऱ्यासारखा. “पायजे व्हय? मग न्हे की पोतं भरून,” मशीनवरचे काका म्हणायचे, “पर मशीनजवळ यायचं न्हाई.” आम्ही दारातच ओणव्या बसून निवड करायचो. गोल टिकल्या लागल्या तर चप्पल लाइनमधल्या एखाद्याकडून घडीभर चामड्याचा पंच आणायचा आणि लाकडी ठोकळ्यावर हातोडीनं ठोकायचा.

आकार तयार मिळायचा, पण त्याचं काय करायचं हे कुठेच लिहिलेलं नसायचं, आणि माझ्या मते सगळी गंमत त्यातच होती. आंब्याची पानं उलटी लावली की कमळ व्हायचं. दोन नथी एकमेकींसमोर आल्या की पोपट. संक्रांतीला तळहाताएवढी कार्डं व्हायची, आत कागदाचा इवला खिसा आणि त्यात हलव्याचे चार दाणे. दिवाळीची कार्डं पाकीट न चिकटवता बुक पोस्टानं जायची. उरलेल्या कातरणीतून गौरीपुढची आरास, गणपतीमागची प्रभावळ, करंज्यांच्या आकाशकंदिलाच्या कडा.

आमचे खरे गुरू मात्र मोहरमचे ताबूत करणारे. एकावर एक घडी घातलेल्या पातळ कागदातून ते अशी जाळी काढायचे की उलगडली की श्वास धरून बघावं. त्यावर बेगडाची चकाकी. कोल्हापुरात तालमीत मोहरमचे पंजे आणि गणपती शेजारी बसतात. १९८५ आणि ८६ साली मोहरम गणेशोत्सवातच आला होता, तेव्हा आम्ही लहान होतो. पण मोठ्या मुलींनी तेव्हा जाळीची जी घडी बघून ठेवली, ती पुढची दहा वर्षं आमच्या कार्डांवर दिसत राहिली. याची नोंद कोणत्याही कलाशिक्षणाच्या पुस्तकात मला सापडलेली नाही.

मग थर्माकोल आला. तापलेल्या तारेनं भराभर कापलेले महाल आणि मंदिरं दुकानांत मांडली गेली आणि कागदाची आरास ‘गरिबाची’ ठरली. हा शब्द मी एका बक्षीस समारंभात व्यासपीठावरून ऐकला आहे आणि अजून विसरलेले नाही. त्याच सुमारास बड्या कंपन्यांची इंग्रजी मजकुराची कार्डं आली आणि हातानं केलेलं कार्ड देणं म्हणजे खर्च वाचवणं असं पोरींनाच वाटायला लागलं. शाळेतही बाजारातून आणलेली वस्तू जास्त गुण मिळवून जायची. पालकांनी ते हसून मान्य केलं, याचा मला आजही राग आहे.

२३ मार्च २०१८ ला राज्यानं थर्माकोलवर बंदी आणली. त्या जुलैत उच्च न्यायालयानंही मखरांसाठी सूट नाकारली. वाटलं, कागद परत आला. आला खरा, पण पुठ्ठ्याचं घडीचं मखर होऊन, अमुक खाच तमुक फटीत घाला अशी चिठ्ठी घेऊन. पर्यावरणाला ते चांगलंच आहे. पोराच्या हाताला मात्र त्यात करण्यासारखं काही उरत नाही. हस्तकलेच्या दुकानात पाकिटं मिळतात, त्यांत फुलपाखरू, त्याची जागा आणि चिकटपट्टी असं सगळं मोजून दिलेलं असतं. त्यातच २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शहराच्या सखल पेठांत पाणी शिरलं. पंचिंगवाल्याचा कागद भिजला की तो धंद्याचा राहत नाही.

२०२५ मध्ये प्राडा या परदेशी फॅशन कंपनीच्या कोल्हापुरी धाटणीच्या चपलेवरून कोल्हापूर पेटून उठलं. योग्यच होतं. २०१९ ला भौगोलिक मानांकन मिळालेली वस्तू कुणी नाव न घेता मिरवावी, हे सोसायचं नाहीच. पण ज्यांचं नाव कधी कुणी घेतलंच नाही, त्यांची हत्यारं आपल्याच गावात किलोवर जातात तेव्हा एकही मोर्चा निघत नाही.

पंचिंग बंद झालेलं नाही. मिठाईची खोकी, औषधांची वेष्टनं आजही डायनंच कापली जातात, फक्त मोठ्या मशीनवर आणि गावाबाहेर. कातरण गाठोडी बांधून रद्दीत जाते. त्यातलं एक पोतं महिन्याकाठी जवळच्या मराठी शाळेत टाका, एवढंच मी त्या कारखानदारांना सांगत आले आहे. दोघांनी होकार दिला आहे. बाकीचे म्हणतात, आधी मुख्याध्यापकांचं पत्र आणा.